न कापता

माझ्या गॅरेजच्या रजिस्टरात कामाच्या नोंदीपुढं मी कित्येक वर्षं लाल पेनानं दोन शब्द लिहीत आलो: ‘न कापता’. या गाडीचा गंजून बसलेला बोल्ट, पिन नाहीतर बुश मी ग्राइंडर न लावता, गॅसनं न तोडता, होता तसा बाहेर काढला, असा त्याचा अर्थ. बिलावर हे शब्द कधी आले नाहीत, गिऱ्हाइकाला त्यांचा पत्ताही नसायचा. ते माझ्यासाठी होते. संध्याकाळी शटर ओढायच्या आधी रजिस्टर चाळलं आणि पानावर दोन-तीन ठिकाणी लाल अक्षरं दिसली, की दिवस कारणी लागला असं वाटायचं. २०२१ च्या जानेवारीपासून मी ते लिहिणं बंद केलं. का बंद केलं ते सांगायचं आहे, आणि माझ्या हातून काय चुकलं तेही न झाकता सांगायचं आहे.

माझं गॅरेज शिरूरला. जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. निम्मं गिऱ्हाईक गावातलं आणि रांजणगाव एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांचं. निम्मं येतं न्हावरे, इनामगाव, मांडवगण फराटा या बाजूनं, आणि भीमा ओलांडून दौंड तालुक्यातून. गाड्या बहुतेक जुन्या, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातातल्या. नव्या गाडीची वॉरंटी संपली, मग अजून काही वर्षं गेली, की ती माझ्यासारख्याकडं येते.

आमच्याकडं पाऊस बेताचाच. कोकणासारखी खारी हवाही नाही. तरी गाडीचं खालचं अंग गंजतं, आणि त्याची कारणं शेतात आहेत. काळी माती चाकाच्या आतल्या बाजूला, लोअर आर्मवर, शॉकअपच्या कानावर थापली जाते आणि आठ-आठ दिवस आतून ओली राहते. त्यात खत. डिकीत पोती टाकून सोसायटीतून शेतावर न्यायची पद्धत घरोघरी आहे. पोटॅश म्हणून जे पोतं येतं ते पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचंच भावंड. सांडलेली पूड डिकीच्या तळाच्या रबरी बुचांतून खाली झिरपते आणि नेमकी मागच्या शॉकअपच्या बोल्टवर जाऊन बसते. गाडी उभी राहते गोठ्याशेजारी. रविवारी बोअरच्या जड पाण्यानं धुतली जाते, वरून आरशासारखी दिसते, खालचा चिखल मात्र पाणी पिऊन अजून फुगतो.

लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. भोक मात्र तेवढंच असतं. त्या भोकातल्या भोकात गंज सगळ्या बाजूंनी पाचर मारल्यासारखा आवळत जातो. पाच-सात वर्षांनी त्या बोल्टला पाना लावला, पान्याला हातभर पाइप लावला, तरी तो हलत नाही. अजून जोर केला तर डोकं गोल होतं, नाहीतर तुटून हातात येतं. याला आम्ही जाम म्हणतो. माझ्या धंद्यातला अर्धा वेळ या एका शब्दाशी झगडण्यात जातो.

ते झगडणं मी शिकलो दौंडला, १९८८ साली. वाफेच्या इंजिनांच्या काळात दौंडच्या रेल्वे शेडमध्ये फिटर म्हणून उभी हयात काढलेले एक गृहस्थ निवृत्त झाल्यावर छोटं गॅरेज चालवत. सगळे त्यांना फिटरकाका म्हणत. त्या वेळी दौंडला खासगी गाड्या म्हणजे जीप, अँबॅसिडर आणि पद्मिनी. जीपला पुढंमागं पाटे, पाट्यांना शॅकल, शॅकलला पिना. ग्रीस वेळेवर मारलं नाही की पिन बुशात अशी बसायची की जणू एकाच लोखंडातून ओतली आहे. काका घण उचलू द्यायचे नाहीत. तारेच्या ब्रशनं सगळा गंज, सगळी माती आधी झाडायची, आटे उघडे पडेपर्यंत. मग रॉकेल आणि जुनं ऑइल एकत्र करून सोडायचं. मग छोट्या हातोडीनं टकटक करत राहायचं, ठोकायचं नाही, नुसतं थरथरवायचं, म्हणजे तेलाला आत जायला वाट मिळते. मग झाकून ठेवायचं आणि दुसरं काम घ्यायचं. नटाला पाना लावला की आधी सोडायच्या दिशेनं ओढायचं नाही. “अरे, आधी केसभर आवळ. मग सोड. परत आवळ.” गंजाची पकड अशी दोन्ही अंगांनी मोडली की नट निमूट येतो.

स्टिअरिंगच्या टाय रॉडचा शंकूसारखा निमुळता खिळा त्याच्या कानातून सोडवताना मी एकदा खालून खिळ्यावरच हाणायला गेलो, तर त्यांनी मनगट धरलं. त्यांनी कानाच्या एका बाजूला एक जड हातोडा टेकवून धरला आणि समोरच्या बाजूनं दुसऱ्या हातोड्यानं एक नेमका फटका दिला. कान क्षणभर दबला, भोक अंडाकृती झालं, आणि खिळा टक् करून सुटला. खिळ्याला साधा ओरखडाही नव्हता. तो आवाज मी अजून विसरलो नाही. शिरूरला स्वतःचं गॅरेज टाकलं तेव्हा ही विद्या मी सोबत आणली, आणि तिच्यावर माझं नाव झालं. दुसऱ्या गॅरेजवाल्यांनी हात टेकलेल्या गाड्या माझ्याकडं येऊ लागल्या. हाताखालच्या पोरांना मी सांगायचो की ग्राइंडर हे घाईचं हत्यार आहे, कापलं की आपण हरलो. मी हे मनापासून मानत होतो.

त्यातून फियाट. या गाडीचं आणि आमच्या भागाचं नातं जुनं आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि त्यांचं वालचंदनगर दौंडच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यातलं. कुर्ल्याला तयार होणाऱ्या पद्मिनीला लोक शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. पुढं आमच्याच तालुक्यात, रांजणगावला, फियाटचा कारखाना झाला. टाटांच्या भागीदारीतल्या त्या कारखान्यातून २००९ मध्ये लिनिया आणि पुंटो रस्त्यावर आल्या. आज तिथं जीप कंपास तयार होते. पण फियाट नावाची गाडी मात्र देशात २०१९ च्या सुमारास बनायची थांबली. आमच्या भागात पुंटो बऱ्याच आहेत. दणकट गाडी, चांगलं डिझेल इंजिन, आणि रांजणगावच्या गणपतीच्या दारात तयार झालेली म्हणून थोडी माया. गाडी बनायची थांबल्यावर पार्ट मिळायला वेळ लागू लागला. कुठलाही भाग कापताना हात आखडायला मला आता आणखी एक कारण मिळालं. जे आहे ते वाचवायचं.

२०१९ च्या श्रावणात एक पुंटो आली. मालकीण भीमेपलीकडच्या एका गावातल्या शाळेत शिक्षिका. गतिरोधकावरून जाताना डावीकडून खडखड वाजायचं. बघितलं तर डाव्या लोअर आर्मचा बुश फाटलेला, बॉल जॉइंटमध्येही खेळ. आर्म बदलायचा, म्हणजे बॉल जॉइंटचा खिळा नकलमधून निघायला हवा. चाक ज्याच्यावर फिरतं त्या ओतीव भागाला आम्ही नकल म्हणतो. तिच्या खालच्या टोकाला चिरलेला कान असतो. कानात बॉल जॉइंटचा खिळा जातो, आणि एक आडवा बोल्ट तो कान चिमट्यासारखा आवळून धरतो. खिळ्याला एक खाच असते, बोल्ट त्या खाचेतून जातो, म्हणून खिळा खाली सरकू शकत नाही. चाक जागेवर राहण्यासाठी त्या बोल्टची गरज असते, इतकी ही जागा महत्त्वाची. आणि कानाच्या त्या चिरेत पाणी साचतं, माती साचते. बोल्टचं डोकं आणि टोक बाहेरून ठीक दिसतं, मधला भाग वर्षानुवर्षं चिखलात असतो.

तो बोल्ट सोडवायला मला चार दिवस लागले. पहिल्या दिवशी ब्रश आणि तेल. दुसऱ्या दिवशी टकटक, परत तेल. तिसऱ्या दिवशी नकलला बाहेरून गॅसची आच दिली, थंड होऊ दिलं, परत तेल सोडलं. चौथ्या दिवशी दुपारी पान्याखाली ‘किर्र’ असा बारीक आवाज आला आणि डोकं केसभर फिरलं. मी पोरांना हाक मारून बोलावलं. आवळ, सोड, आवळ, सोड, असं करत तासाभरानं तो बोल्ट अख्खा माझ्या तळहातावर होता.

मी तो डिझेलमध्ये धुतला आणि उजेडात धरला. दोन्ही टोकांना जाड, मधे डमरूसारखा बारीक झालेला.

मला ते दिसलं होतं. ते दिसलंच नाही असं म्हणायची सोय मला नाही. त्या ग्रेडचा नवा बोल्ट त्या दिवशी शिरूरला मिळाला नाही, पुण्याला नाना पेठेत जावं लागलं असतं, बाईंना दुसऱ्या दिवशी गाडी हवी होती. ही सगळी कारणं खरी आहेत आणि यातलं एकही खरं कारण नाही. चार दिवस ज्याच्यासाठी राबलो तो बोल्ट भंगाराच्या डब्यात टाकायचा, तर चार दिवस कशासाठी राबलो, हा प्रश्न मला नको होता. मी त्याला ब्रश मारला, ग्रीस लावलं, नवा आर्म बसवला आणि तोच बोल्ट परत आवळला. रजिस्टरात लाल पेनानं लिहिलं.

२०२१ च्या जानेवारीत, सकाळी साडेसातच्या सुमारास, बाईंचा फोन आला. न्हावरे–चौफुला रस्त्यानं त्या सासूबाईंना दवाखान्यात घेऊन निघाल्या होत्या. उसाचा हंगाम, रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. समोरच्या ट्रॅक्टरला वाट द्यायला त्यांनी वेग कमी करून गाडी साइडपट्टीवर उतरवली, डावं चाक खड्ड्यात गेलं, आणि गाडी तिथंच बसली. “भाऊ, चाक आडवं झालंय.” मी मोटारसायकलवर निघालो. पारगावच्या भीमेच्या पुलाच्या अलीकडं गाडी दिसली. पुढचं डावं चाक फेंदारलेलं, मडगार्डात घुसलेलं. दोघीजणी कडेला उसाच्या बांधावर बसलेल्या. कोणाला खरचटलंही नव्हतं. वेग वीस-पंचवीसचा होता म्हणून. पुलावर ऐंशीच्या वेगानं हेच झालं असतं तर काय, याचा विचार मी आजही पुढं नेऊ शकत नाही.

बाई उठून आल्या आणि मला म्हणाल्या, “माझ्याकडून खड्ड्यात जोरात गेली का हो? तुम्ही एवढं चांगलं काम करून दिलेलं.” त्या माझी माफी मागत होत्या. मी त्या वेळी काही बोलू शकलो नाही. क्रेन बोलावली, त्यांना दुसऱ्या गाडीत बसवून दिलं.

गॅरेजमध्ये नकल खोलली. बोल्टचे दोन तुकडे. तुटलेलं तोंड भिंगाखाली धरलं तर निम्मा भाग काळपट तपकिरी, गंजलेला, आणि निम्मा चकचकीत करडा. म्हणजे तो त्या सकाळी तुटला नव्हता. महिनोन्‌महिने एका कडेनं चीर आत जात होती, तिच्यात पाणी शिरत होतं, आणि खड्ड्यात फक्त उरलेला अर्धा तुटला. गाडीत दोष नव्हता, रस्त्यातही नव्हता. बोल्ट माझ्या हातानं परत गेला होता.

व्हर्निअरनं मापला. मूळचा १० मिलिमीटरचा. मधे ८ भरला. दोनच मिलिमीटर गेले, म्हणजे एक पंचमांश गेला, असं वाटतं. पण बोल्ट ओढ सहन करतो तो त्याच्या कापाच्या क्षेत्रफळानं, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं घटतं. १० चा वर्ग १००, ८ चा वर्ग ६४. एक तृतीयांशाहून जास्त ताकद गेलेली, आणि राहिलेल्या पृष्ठभागावर गंजाचे खळगे, जिथून चीर सुरू होते. शिवाय मी आच दिली होती. अशा जागी कंपनी साधा बोल्ट घालत नाही. डोक्यावर १०.९ असे आकडे असतात. पहिला आकडा त्याची ताण सोसायची ताकद सांगतो, दुसरा सांगतो त्या ताकदीच्या किती हिश्शापर्यंत ओढला तरी तो परत मूळ लांबीवर येईल. ही ताकद लोखंड तापवून, बुडवून, परत ठरावीक उष्णतेला तापवून आणलेली असते. गॅसच्या आचेनं तो लालसर झाला की ती सगळी कमाई जाते. आकडे डोक्यावर तसेच राहतात.

त्या रविवारी मी दौंडला गेलो. फिटरकाकांनी नव्वदी ओलांडली होती. ओट्यावर ऊन खात बसलेले. मी दोन्ही तुकडे त्यांच्या हातात ठेवले आणि सगळं सांगितलं. त्यांनी तुकड्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं. बराच वेळ फिरवत होते. मग विचारलं, “मापला होतास का?”

मी नाही म्हणालो. त्यांनी तुकडे परत दिले. पुढं काही बोलले नाहीत, चहा मागवला.

परतीच्या वाटेवर, मोटारसायकलवर, मला त्यांचं जुनं गॅरेज दिसायला लागलं, आणि त्यात एक गोष्ट दिसली जी मी तेव्हा रोज बघत होतो. पिन निघाली की काका ती रॉकेलमध्ये धुवायचे, चिंधीनं पुसायचे, नख फिरवायचे. मग खिशातून कॅलिपर काढून तीन ठिकाणी लावायचे, दोन टोकांना आणि मधे. मग दोरीला टांगून हातोडीनं हलकेच वाजवून कान द्यायचे. आणि पुष्कळदा, माझ्या डोळ्यांदेखत, दोन दिवस राबून सोडवलेली ती पिन डब्यात टाकून द्यायचे. मला वाटायचं रेल्वेची सवय आहे, म्हातारा सोडत नाही. पण इंजिनाची पिन सोडवणं ही त्यांच्या लेखी तपासणीआधीची तयारी होती. पिन न तोडता काढायची, कारण तुटलेल्या पिनेवरून ती आधी किती झिजली होती ते कळत नाही. मी त्यांच्याकडून अर्धीच विद्या घेतली होती, जी दाखवता येते तेवढी. बत्तीस वर्षं मी ती अर्धी विद्या पूर्ण समजत आलो, आणि पोरांनाही तीच शिकवली.

आता माझं मत वेगळं आहे, आणि ते पोरांना तोंडी सांगून भागत नाही म्हणून इथं लिहितो.

रबरी बुशातून जाणारा बोल्ट, म्हणजे मागच्या शॉकअपचा खालचा किंवा लोअर आर्मचा, जाम झाला की मी अर्ध्या तासावर त्याच्यामागं लागत नाही. कारण तिथं माझी जुनी विद्या चालतच नाही, आणि हे मला फार उशिरा कळलं. बुशाच्या पोटात लोखंडी नळी असते, बोल्ट त्या नळीला धरून गंजतो. नळी पाच-सहा सेंटिमीटर लांब, दोन्ही तोंडं दाबलेली, तेल आत पोचायला वाटच नाही. हातोडीनं थरथरवावं तर सगळा हादरा रबर गिळून टाकतं. पान्यानं फिरवावं तर बोल्टबरोबर नळी फिरते, रबर पिळतं आणि परत येतं. आपल्याला वाटतं सुटतोय, तो सुटत नसतो. आच द्यावी तर रबर जळून काळा धूर. बुश बदलायचाच असतो, बोल्ट नवा घालायचाच असतो. मग वाचवायचं काय? दोन्ही बाजूंनी, कान आणि बुश यांच्या फटीत पातळ चाक घालून मी बोल्ट कापतो. कानाला ओरखडा जाऊ देत नाही, कारण कान गाडीचा आहे.

निमुळता खिळा मात्र अजूनही दोन हातोड्यांनीच निघतो. त्यात काही बदललेलं नाही. आणि जिथं नट गाडीच्या अंगातच आतून वेल्ड केलेला असतो, जिथं बोल्ट तुटला तर पत्रा कापून आत शिरावं लागेल, तिथं मी आजही दोन-दोन दिवस देतो. तिथं काकांची पद्धत शब्दशः पाळतो: ब्रश, तेल, टकटक, केसभर आवळणं. गरज पडली तर नटाला आच. ती आच किती काम करते ते मी हिशेब करून बघितलं आहे. लोखंड दर अंशाला लाखात सव्वा भागाएवढं वाढतं. १२ मिलिमीटरचं भोक तीनशे अंशांनी तापवलं तरी ते मोठं होतं जेमतेम ०.०४५ मिलिमीटरनं, केसाच्या जाडीहून कमी. तेवढ्यानं गंजाचा थर तडकतो, आणि तडकलेल्या थरातून थंड होताना तेल आत ओढलं जातं. म्हणून आच देऊन लगेच पाना लावण्यापेक्षा थांबणं बरं. पोरं स्प्रेचा डबा घेऊन येतात आणि मारलं की लगेच ओढतात. डब्ल्यूडी-४० हे नाव ज्या डब्यावर असतं त्यातलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणं. १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोच्या एका छोट्या कंपनीत, चाळिसाव्या प्रयत्नात ते जमलं, आणि सुरुवातीला ते अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून वापरलं गेलं. चांगली वस्तू आहे, पण वर्षांचा गंज दोन मिनिटांत सोडवायला ती जन्मलेली नाही. वेळ तिलाही द्यावा लागतो.

आणि सुटला म्हणून परत घालायचा नाही. माझ्याकडं आता व्हर्निअर भिंतीला खिळ्यावर टांगलेला असतो, पान्यांच्या आधी हाताला लागेल असा. सस्पेन्शन आणि स्टिअरिंगचा कुठलाही बोल्ट निघाला की तीन ठिकाणी माप घेऊन पोरगा ते खडूनं रॅम्पच्या खांबावर लिहितो. आच लागलेला बोल्ट तर मापायचाही नाही, सरळ डब्यात. नव्याच्या आट्यांना आणि मधल्या दांड्याला पातळ ग्रीस, कानाच्या चिरेत ग्रीस भरून बुजवायचं. रबरी बुशाचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना, लोंबकळत असताना नाही, नाहीतर रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे सगळं मला माहीत होतं. चांगलं कसब असलेला माणूस स्वतःच्या कसबासाठी गिऱ्हाइकाचा जीव पणाला लावू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

यात अडचणी येतात. बोल्ट कापला की गिऱ्हाइकाला वाटतं मिस्त्रीनं तोडला. “तुम्ही तर न कापता काढता असं ऐकलं होतं,” असं तोंडावर म्हणणारे भेटतात. नव्या बोल्टचे पैसे, नाना पेठेची फेरी, एक दिवस गाडी जास्त उभी, यावरून वाद होतो. शेतकऱ्याचे पैसे उसाच्या बिलाला बांधलेले असतात, त्याची घालमेल मला कळते. काही गिऱ्हाइकं गेलीही. मी त्यांना बाईंच्या बोल्टचे दोन तुकडे दाखवतो. ते खिडकीत ठेवलेत. काहींना पटतं.

बाईंना मी महिनाभरानं घरी जाऊन सगळं सांगितलं. गाडीचं काम अर्थात माझ्या खर्चानं केलं होतं, पण कारण सांगितलं नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं. सासूबाई आतून म्हणाल्या, “खरं बोलायला आलास, जेवून जा.” बाई काही बोलल्या नाहीत. गाडी त्या अजून माझ्याकडं आणतात, पण काम चालू असताना आता शेजारी उभ्या राहतात. पूर्वी चावी देऊन निघून जायच्या.

मग मी रजिस्टरं काढली. बाईंच्या गाडीसारख्या अजून किती, हा प्रश्न झोपू देत नव्हता. मागच्या सहा वर्षांची पानं उलटून सस्पेन्शनच्या कामापुढं जिथं जिथं लाल शब्द होते त्या गाड्यांची यादी केली. लाल पेन तेवढ्यासाठी उपयोगी पडला. एकेकाला फोन लावला. सांगितलं की गाडी घेऊन या, एक बोल्ट बदलायचा आहे, पैसे नाहीत. काहींना शंका आली, हा फुकट का बोलावतोय. त्यांनाही खरं तेच सांगितलं. उन्हाळ्यापर्यंत एक-एक करून गाड्या आल्या. निम्म्याहून जास्त बोल्ट चांगले निघाले. चार वाईट होते, आणि त्यांतल्या एकाला नखानं जाणवेल अशी चीर होती. ती गाडी रोज कुरकुंभला जाऊन-येऊन असायची, चार माणसं घेऊन.

यादीतल्या सगळ्या गाड्यांपुढं आता निळी खूण आहे. एक सोडून. चंदेरी पुंटो, उजवी नकल, २०१७ चं काम. मालकानं ती २०१८ मध्ये विकली, घेणाऱ्यानं पुढं श्रीगोंद्याकडच्या कोणाला दिली, त्याचा नंबर लागत नाही. मी काष्टीच्या आणि श्रीगोंद्याच्या ओळखीच्या गॅरेजवाल्यांना गाडीचा नंबर देऊन ठेवला आहे, आली तर पैसे न घेता बोल्ट बदला, मी देतो. अजून फोन आलेला नाही. दौंडच्या बाजारात, चौफुल्यावर, नगर रस्त्यावर कुठंही चंदेरी पुंटो समोर आली की मी मोटारसायकल हळू करतो आणि आधी नंबर वाचतो.